हवेतून येणारी मदत आणि जमिनीवरचे आपण



दर अंकात या पानावर आम्ही आपल्याशी लागणीबद्दल, बेणेमळ्याबद्दल, खोडव्याच्या निगेबद्दल बोलतो. या खेपेस थोडी वाट सोडून चाललो आहोत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. विषय तसा आपल्या शिवारापासून फार लांबचा आहे, पण शेवटी तो आपल्याच बांधावर येऊन थांबतो असे आम्हाला वाटले, म्हणून लिहावयास घेतला.

आमच्या पाहण्यात एक छायाचित्र आले. स्वित्झर्लंड देशातले. हिरवागार डोंगरउतार, वर हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टरखाली लांब दोर आणि दोराच्या टोकाला जाळ्यात बसवलेली एक धष्टपुष्ट गाय. चारी पाय लोंबकळताहेत आणि गाय आपली निवांत आकाशातून चालली आहे! पहिल्यांदा हसूच आले. मग खालचा मजकूर वाचला. तिथले शेतकरी उन्हाळ्यात जनावरे उंच डोंगरातल्या कुरणांवर चरावयास नेतात. तिथे एखादी गाय घसरून पाय मोडून पडली, तर तिला खाली आणावयास वाट नसते. अशा वेळी डोंगरी शेतकऱ्याच्या मदतीला हेलिकॉप्टर जाते. ज्या संस्थेमार्फत हे काम होते तिचे मूळ काम मात्र माणसे वाचवण्याचे आहे. तिचे नाव रेगा.

आम्ही या रेगाबद्दल आणि अशा कामात आयुष्य घालवणाऱ्या माणसांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्याला एक कारण होते. ते आधी सांगतो.

एका रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा गळीत हंगाम. जानेवारीची थंडी. रात्री अकराच्या सुमारास आम्ही जीप घेऊन फडांवरून फिरत होतो. कालव्याच्या वळणावर उसाने भरलेली ट्रॉली कलंडली होती. उसावर बसून येणारा तोडणी टोळीतला एक तरुण पोरगा खाली पडला होता. शुद्धीवर होता, बोलत होता. पाय जड वाटतात, एवढेच म्हणत होता. आम्ही चौघांनी मिळून त्याचे हात-पाय धरले, उचलला आणि जीपच्या मागल्या बाजूस घातला. घाई हीच त्यावेळी आम्हाला मदत वाटली. जीपमध्ये तो पुरता मावतही नव्हता, म्हणून मान दुमडून बसवला. तालुक्याला नेला, तिथे सोय नव्हती, म्हणून पुढे जिल्ह्याला.

पोरगा वाचला. पण पुन्हा उभा राहिला नाही. आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, मणक्याची इजा पडताना किती झाली आणि उचलताना किती वाढली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

ते वाक्य आमच्याजवळ राहिले. आजही कालव्याच्या त्या वळणावरून जाताना ते आठवते. म्हणून, ज्यांचे रोजचे कामच पडलेल्या माणसाला उचलण्याचे आहे ती माणसे ते कसे करतात, हे आम्हाला समजून घ्यायचे होते.

सुरुवात आसामच्या बाजूनेच

हेलिकॉप्टरने जखमी माणूस सोडवून आणण्याची पहिली मोठी कामगिरी आपल्याच देशातून उडालेल्या यंत्राने केली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये, ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला एक लहान अमेरिकन विमान पडले. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसामातल्या लालाघाटच्या तळावरून कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट सिकोर्स्की कंपनीचे नवेकोरे हेलिकॉप्टर घेऊन निघाला. ते यंत्र इतके लहान आणि अशक्त, की चालकाशिवाय एकच माणूस त्यात बसे. त्यात उष्ण दमट हवा, इंजिन तापे. तरी हार्मनने एकेक करून, चार खेपांत, चौघांनाही बाहेर काढले.

पुढे कोरियाच्या युद्धात, १९५० ते १९५३ या काळात, जखमींना हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या बाजूस स्ट्रेचरवर बांधून नेत. हजारो सैनिक असे इस्पितळात पोहोचले. युद्ध संपल्यावर लोकांच्या मनात साहजिकच प्रश्न आला, की रणांगणावरच्या सैनिकासाठी जे करता येते, ते रस्त्यावर पडलेल्या साध्या नागरिकासाठी का करता येऊ नये?

१९७० साल या बाबतीत महत्त्वाचे. त्या वर्षी एकट्या पश्चिम जर्मनीत रस्ते-अपघातांत सुमारे १९,००० माणसे मेली. १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिक शहरात क्रिस्टोफ-१ नावाचे हेलिकॉप्टर कायमचे तैनात झाले. ते जागेवर डॉक्टर घेऊन जाई. रुग्णाला डॉक्टरकडे नेण्याआधी डॉक्टर रुग्णाकडे न्यायचा, हा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलिसांच्या हेलिकॉप्टरने जखमींना बाल्टिमोरच्या खास केंद्रात नेण्यास सुरुवात झाली. तिथले शल्यविशारद आर. ॲडम्स काउली हे लोकांना वारंवार सांगत, की भारी जखमेनंतरचा पहिला तास मोलाचा असतो. आज आपण वर्तमानपत्रांत 'गोल्डन अवर' हा शब्द वाचतो, त्याचा प्रसार काउलींनी केला.

तिघांची टोळी

आता स्वित्झर्लंडकडे वळू. देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा, पण मोठा भाग डोंगराने व्यापलेला. तिथे कुणी अडचणीत सापडला की १४१४ हा क्रमांक फिरवतो. फोन झ्युरिक विमानतळावरच्या रेगाच्या केंद्रात वाजतो. केंद्रातला माणूस जवळच्या तळाला कळवतो आणि दिवसा काही मिनिटांत हेलिकॉप्टर जमीन सोडते. वाले परगणा वगळता देशात कुठेही पंधरा मिनिटांच्या उड्डाणात पोहोचायचे, असा त्यांचा बेत आहे. वाले परगण्यात हेच काम दुसऱ्या संस्था करतात. त्यांतली एअर झर्मॅट ही १९६८ साली बीट पेरेन या औषधविक्रेत्याच्या पुढाकाराने निघाली.

हेलिकॉप्टरात तिघेजण असतात. वैमानिक, सॅनिटेटर आणि डॉक्टर. आपल्याकडे मुकादम, तोडणारे आणि गाडीवान यांची टोळी जमली तरच फड वेळेवर निघतो, तसेच या तिघांचे आहे.

वैमानिक इथे थेट शाळेतून येत नाही. तो बहुधा आधी कित्येक वर्षे डोंगरात माल वाहतो. काँक्रीट, लाकूड, गवताचे भारे, खांब. दोराला लटकलेला बोजा झोके न खाता नेमका टेकवायचा, हे हाताला बसले की मग माणसाचा नंबर. त्याच्या धास्तीच्या गोष्टी विचाराल तर पहिली आहे तार. विजेच्या तारा आणि डोंगरी शेतकऱ्यांनी गवत व लाकूड खाली सोडण्यासाठी दरीतून ताणलेले दोरखंड वरून दिसत नाहीत. दुसरी धास्ती बर्फाची. उतरताना पंख्याच्या वाऱ्याने ताजे भुसभुशीत बर्फ उडते आणि क्षणात चहूकडे नुसते पांढरे होते. जमीन कुठे, आकाश कुठे, कळत नाही. रात्रीच्या कामाला १९८७ पासून रेगाचे वैमानिक अंधारात दिसणारे खास चष्मे वापरतात.

सॅनिटेटर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रुग्णवाहिकेवरचा शिकलेला मदतनीस. पण तिकडे तो तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून येतो. आम्ही स्वतः पदविकाधारक असल्यामुळे या माणसाबद्दल आम्हाला अंमळ अधिक आपुलकी वाटली. आधी काही वर्षे तो रस्त्यावरच्या गाडीवर काम करतो. हेलिकॉप्टरवर आल्यावर त्याला तीन कामे करावी लागतात. उडताना वैमानिकाशेजारी बसून नकाशा, रेडिओ आणि तारा पाहणे. जागेवर पोहोचल्यावर दारात उभे राहून दोर सोडण्याचे यंत्र चालवणे. आणि रुग्णापाशी डॉक्टरचा उजवा हात होणे. तो दोर सुमारे नव्वद मीटर लांब असतो. टोकाला डॉक्टर लटकत असतो आणि खाली कडा. दारातला सॅनिटेटर वैमानिकाला बोलून सांगत असतो: दोन मीटर पुढे, एक मीटर डावीकडे, थांब. वैमानिकाला आपल्या पोटाखालचे काहीच दिसत नसते. तो केवळ त्या आवाजावर विश्वास ठेवून यंत्र जागच्या जागी धरून ठेवतो.

तिसरा डॉक्टर. तो बहुधा भूलशास्त्र शिकलेला असतो, कारण श्वास चालू ठेवणे आणि वेदना थांबवणे ही तिथली पहिली कामे. कित्येक तरुण डॉक्टर इस्पितळातून काही काळासाठी या कामावर येतात. त्यांत स्त्रियाही बऱ्याच आहेत. इस्पितळात त्यांच्या भोवती दिवे, परिचारिका, यंत्रे असतात. इथे गुडघाभर बर्फात, पंख्याच्या आवाजात, हातमोजे काढून शीर शोधायची. चूक झाली तर सल्ला विचारायला शेजारी वरिष्ठ नाही.

कडा फारच अवघड असेल तर वाटेत चौथा माणूस उचलतात. हा तिथल्या आल्पाइन क्लबच्या परंपरेतला डोंगरवीर. असे सुमारे तीन हजार बचावकर्ते देशभर गावोगाव आहेत. इतर दिवशी ते आपापला धंदा पाहतात. कुणी सुतार, कुणी वाटाड्या, कुणी शेतकरी. बोलावणे आले की हातातले काम टाकून निघतात. आयगर या शिखराची उत्तर भिंत फार कुप्रसिद्ध आहे, तिने अनेकांचे बळी घेतले. १९७१ साली त्या भिंतीवरून हेलिकॉप्टरच्या दोराने माणूस थेट उचलला गेला, तेव्हा अशाच माणसांची हिंमत कामी आली.

वाट पाहण्याचे काम

हे वाचून असे वाटेल, की या माणसांचे रोजचे आयुष्य म्हणजे सिनेमाच. तसे नाही. दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो. पाळीवर असलेली माणसे तळावरच राहतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. सकाळी औषधांची पेटी तपासायची, दोर तपासायचा, इंधन पाहायचे, यंत्र धुवायचे, हवामानाचा अंदाज घ्यायचा. गव्हाणीत मोळी पडण्याआधी आपले मिलमधले लोक एकेक बेअरिंग हात लावून पाहतात, तसेच.

आणि बोलावणीही नेहमी कड्यावरचीच असतात असे नाही. हृदयविकाराचा म्हातारा, स्कीवरून पडलेला पर्यटक, जंगलतोडीत झाडाखाली सापडलेला मजूर, उतारावर उलटलेला ट्रॅक्टर, लहान इस्पितळातून मोठ्या इस्पितळात न्यायचे नुकते जन्मलेले मूल. कधी पोहोचल्यावर कळते की फारसे काही झालेलेच नाही. कधी पोहोचेपर्यंत सगळे संपलेले असते, आणि मग डॉक्टरला बर्फात उभ्या असलेल्या नातलगांना तसे सांगावे लागते. या प्रसंगांचा मनावर भार होतो. म्हणून अशा सेवांमध्ये आता काम झाल्यावर एकत्र बसून बोलण्याची पद्धत ठेवली आहे. मन मोकळे करण्यासाठी सहकाऱ्यांपैकीच शिकवून तयार केलेली माणसे असतात. पूर्वी असे काही नव्हते. जो तो आपापले ओझे घरी घेऊन जाई.

'नाही' म्हणण्याचे धाडस

या धंद्यातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटली. ती म्हणजे न उडण्याचा निर्णय.

अमेरिकेत हेलिकॉप्टर-रुग्णसेवा झपाट्याने वाढली आणि अपघातही वाढले. २००८ हे तिथले सर्वांत वाईट वर्ष ठरले. २००९ च्या फेब्रुवारीत तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यावर खास जाहीर सुनावणी घेतली. रात्र, खराब हवा आणि 'गेलेच पाहिजे' ही घाई, ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी दोन रिवाज पाळतात. एक, वैमानिकाला रुग्ण कोण आहे हे आधी सांगत नाहीत. लहान मूल आहे म्हटले की माणूस ढगातही घुसतो, म्हणून त्याला फक्त ठिकाण सांगायचे, आणि हवा पाहून हो किंवा नाही एवढेच त्याने सांगायचे. दुसरा रिवाज असा, की निघायला तिघांचेही 'हो' लागते, पण थांबायला एकाचे 'नाही' पुरते. ते सर्वांत नवख्या माणसाचे असले तरी चालते, आणि त्याला त्याबद्दल कुणी बोल लावत नाही.

एवढे करूनही किंमत मोजावी लागतेच. एप्रिल २०१० मध्ये नेपाळात अन्नपूर्णा शिखरावर सुमारे ७,००० मीटर उंचीवर तीन गिर्यारोहक अडकले होते. एअर झर्मॅटचे वैमानिक डॅनियल आउफडेनब्लाटन आणि वाटाडे रिचर्ड लेनर यांनी लांब दोराच्या साहाय्याने एकेकाला खाली आणले. तिथली हवा इतकी विरळ, की पंख्याला धरायला काही मिळत नाही. नेपाळी सहकाऱ्यांनाही हे काम आले पाहिजे, म्हणून कॅप्टन सबिन बस्नेत आणि पूर्ण अवाले हे झर्मॅटला जाऊन शिकून आले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला आमा दब्लाम शिखरावर दोन गिर्यारोहक अडकल्याचा निरोप आला. सबिन आणि पूर्ण गेले, पहिल्याला सुखरूप उतरवले. दुसऱ्यासाठी परत गेले, तेव्हा हेलिकॉप्टर कोसळले आणि दोघेही गेले. वर राहिलेल्या गिर्यारोहकाला नंतर दुसऱ्या हेलिकॉप्टरने उतरवले. म्हणजे ज्यांना वाचवायला ते गेले ते दोघेही वाचले.

आपल्या देशातही आता या कामाची सुरुवात झाली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ऋषिकेशच्या एम्स इस्पितळातून उत्तराखंडच्या डोंगरी भागासाठी हेलिकॉप्टर रुग्णसेवेचे उद्घाटन झाले. १७ मे २०२५ रोजी केदारनाथला रुग्ण आणायला गेलेल्या त्या हेलिकॉप्टरची उतरताना शेपटी मोडली. आतले वैमानिक, डॉक्टर आणि परिचर्या कर्मचारी तिघेही बचावले. डोंगरातले हे काम किती नाजूक आहे, याची आपल्याकडची ही ताजी खूण.

पैसा कुठून येतो?

सभासद बंधूंनो, आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. एवढा डामडौल चालतो कशावर?

रेगाची स्थापना १९५२ साली डॉ. रुडॉल्फ बुखर यांच्या पुढाकाराने झाली. सुरुवातीला विमानातून पॅराशूटने उड्या घेणारे मदतनीस होते, पैसा नव्हता. १९५७ साली त्यांना एक बेल हेलिकॉप्टर भेट मिळाले. ते देणारे कोण, हे वाचून आमची छाती फुगली. ते दिले स्वित्झर्लंडच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या संघाने! म्हणजे वाण्याच्या दुकानाला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या सहकारी भांडारांनी, साखर-कॉफी विकून जमलेल्या पैशातून, आकाशातल्या मदतीला हातभार लावला.

तरी पुढे संस्था अडचणीत आलीच. सरकारी खजिन्यातून नियमित मदत मिळेना. तेव्हा फ्रिट्झ ब्यूलर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ साली संस्थेने सामान्य जनतेकडे वर्गणी मागितली. दरवर्षी थोडे थोडे द्या, आम्ही तयार राहतो. लोकांनी दिले, आणि ते आजतागायत देत आहेत. देशाची लोकसंख्या सुमारे ९० लाख. वर्गणीदार ३५ लाखांहून अधिक. संस्थेच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग या वर्गणीतून निघतो.

यातली खुबी अशी, की ही वर्गणी म्हणजे विमा नव्हे. वर्गणीदारावर प्रसंग आला आणि विम्याने खर्च दिला नाही, तर संस्था आपल्या खुशीने तो माफ करू शकते, पण तसा हक्क कुणी सांगत नाही. बहुतेकांना आयुष्यात कधी हेलिकॉप्टरची गरज पडत नाही. तरी ते देतात. आपण शेअरचा पैसा भरतो तेव्हा निदान ऊस जाईल, दर मिळेल, दिवाळीला साखर मिळेल, ही आशा असते. इथे आशा एवढीच, की आपल्यावर पाळी येऊ नये, आणि ज्याच्यावर येईल त्याच्यासाठी तळावर कुणीतरी जागे असावे. त्या छायाचित्रातली गाय त्याच वर्गणीच्या जोरावर उडत होती.

मग आपण काय करायचे?

आपल्या कारखान्याला हेलिकॉप्टर हवे, असे सुचवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आपला मुलूख सपाट आहे, रस्ते आहेत, आणि २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. सुरुवातीलाच ९३७ गाड्या राज्यभर दिल्या गेल्या. फोन फुकट, गाडी फुकट, आणि गाडीत डॉक्टर असतो. म्हणजे म्युनिकच्या लोकांनी १९७० साली धरलेला विचार आपल्या रस्त्यावर चार चाकांवर आलेला आहे. उणीव राहते ती गाडी येण्याआधीच्या वेळात, आणि तो वेळ आपल्या हातात असतो.

हेलिकॉप्टरवाली माणसे पडलेल्या माणसाला कशी उचलतात, हे वाचले आणि आम्हाला कालव्याच्या वळणावरची रात्र पुन्हा दिसली. ते आधी उचलतच नाहीत. एकजण डोक्यापाशी गुडघ्यावर बसतो आणि दोन्ही तळव्यांत डोके स्थिर धरतो. मान हलू देत नाही. दुसरा श्वास पाहतो, रक्त पाहतो. मग एका खास गादीवर सर्वांनी मिळून, एका आवाजावर, एका पातळीत घेतात. त्या गादीत बारीक मणी असतात. आतली हवा ओढून घेतली की गादी अंगाच्या आकाराची होऊन लाकडासारखी घट्ट बनते. हे सगळे झाल्यावरच घाई.

आपल्याकडे ती गादी नाही. पण दोन तळवे प्रत्येकाकडे आहेत. म्हणून पुढील गोष्टी आपण आणि आपल्या फडावरच्या टोळ्यांनी लक्षात ठेवाव्यात:

१. उंचावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला आग, पाणी किंवा रहदारी यांचा धोका नसेल तर जागचा हलवू नये. बसवू नये, उभा करून पाहू नये. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि गाडी येईपर्यंत सोडू नये.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. दाब मधेच सोडून पाहू नये. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी, चहा काहीही घालू नये.

३. लगेच १०८ ला फोन करावा. फोनवर गाव, गट नंबर, जवळचा डांबरी रस्ता आणि ठळक खूण सांगावी. 'पाटलांच्या मळ्याजवळ' हे तालुक्याच्या पलीकडून बोलणाऱ्या माणसाला कळत नाही. एकाने बॅटरी घेऊन मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर उभे राहावे.

४. पोलिसांची भीती बाळगू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

५. आणि मूळ गोष्ट. उसाच्या भाराच्या वर माणूस बसवू नये. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात. मुकादमाने घाई केली, चालकाने आळस केला, तर 'आज गाडी निघणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार आपल्या गट ऑफिसातल्या सर्वांत धाकट्या चिटबॉयलाही असावा. त्याबद्दल त्याला कुणी बोलू नये. ते हेलिकॉप्टरवाले जर ढग पाहून थांबू शकतात, तर आपण एक खेप सकाळी नेऊ शकतो. ऊस रात्रभरात थोडा वाळेल, त्याहून अधिक काही होणार नाही.

जाता जाता एक माहिती सांगून ठेवतो, महापुरात किंवा डोंगरातल्या यात्रेत उपयोगी पडेल. हेलिकॉप्टरला खालून खुणावायचे असेल तर दोन्ही हात वर करून फाकवावेत, म्हणजे 'मदत हवी'. एक हात वर आणि एक हात खाली तिरपा धरला तर त्याचा अर्थ 'मदत नको'. रूमाल किंवा टोप्या उडवून हात हलवत बसू नये. हेलिकॉप्टर उतरल्यावर त्याच्या शेपटीकडे कधीही जाऊ नये, आतल्या माणसाने बोलावल्यावरच समोरून, वाकून जावे, आणि फेटा, गमजा, पदर आधी आवरावा.

हंगाम तोंडावर आला आहे. मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक गट ऑफिसात टोळी मुकादम, ट्रॅक्टरचालक आणि शेतकी खात्याचे कर्मचारी यांना एकत्र बसवून डोके कसे धरायचे आणि फोनवर जागा कशी सांगायची, एवढे दोन धडे करून दाखवावेत, अशी विनंती आम्ही व्यवस्थापनाकडे करणार आहोत. तारीख ठरली की गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल. सभासदांनीही यावे, घरच्या पोरांना आणावे. धडा द्यायला आम्ही स्वतः उभे राहू. जमिनीवर पडण्याचे कामही आम्हीच करू, डोके आपण धरावे.